साचेखात्याचा दरवाजा

दरवर्षी ६ डिसेंबरला आम्ही घरच्या सगळ्यांना घेऊन दादरला जातो. शिवाजी पार्कातून रांग चैत्यभूमीकडे मुंगीच्या पावलाने सरकत असते. खांद्यावर लेकरू, हातात मेणबत्ती आणि पिशवीत पुस्तकांच्या स्टॉलवरून घेतलेली चार पुस्तके. चैत्यभूमीला लागूनच एका बंद गिरणीची भिंत होती. इंडिया युनायटेड मिल नंबर सहा, लोकांच्या तोंडी इंदू मिल. ६ डिसेंबर २०११ रोजी आपले कार्यकर्ते त्या गिरणीत शिरले, २०१२ साली केंद्र सरकारने साडेबारा एकर जमीन स्मारकासाठी देण्याचे मान्य केले आणि ११ ऑक्टोबर २०१५ रोजी तिथे भूमिपूजन झाले. हा इतिहास आपल्या वाचकांना पाठ आहे.

पण ती जागा मुळात कारखान्याची होती. तिथे भोंगा वाजत होता, पाळ्या भरत होत्या, कापड रंगत होते. गेल्या वर्षी रांगेत आमच्या पुढे एक कॉलेजचा मुलगा उभा होता. त्याने आपल्या आजीला विचारले, "आजी, गिरणीत नेमकं काय चालायचं गं?" आजी म्हणाली, "सूत निघायचं बाबा. आणि आपल्या लोकांना कापडापर्यंत जाऊ देत नव्हते." मुलाला काही उमगले नाही. रांग पुढे सरकली. आजी अर्ध्या वाक्यात जे बोलून गेली ते सविस्तर सांगावे, म्हणून हा लेख.

धोट्याला लागलेले ओठ

मुंबईत पहिली कापड गिरणी काढण्याचे श्रेय कावसजी दावर यांना जाते. १८५४ साली कंपनी निघाली आणि १८५६ साली ताडदेवला गिरणी चालू झाली. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सगळा पट्टा गिरणगाव झाला. कोकण, सातारा, पुणे, नगर, नाशिककडचे आपले लोक गावकीची कामे टाकून इथे आले. गावात पाणवठा बंद, देऊळ बंद. गिरणीत मात्र तिकीट मिळत होते, महिन्याला रोख पगार मिळत होता आणि कोणाचे उष्टे घ्यावे लागत नव्हते. आमचे आजोबा असेच आले आणि रिंग खात्यात डॉफर म्हणून लागले. डॉफरचे काम म्हणजे सुताने भरलेल्या बाबिनी चात्यांवरून उतरवायच्या आणि रिकाम्या चढवायच्या.

गिरणीतही भिंत होती, पण ती विटांची नव्हती. कापूस पिंजणे, कार्डिंग, रिंग या खात्यांत आपल्या लोकांना काम मिळे. विणाई खात्यात, ज्याला कामगार साचेखाते म्हणत, तिथे मिळत नसे. आणि साचेवाल्याचा पगार रिंगवाल्यापेक्षा बराच जास्त असे. म्हणजे सगळ्या गिरणीत जे काम सर्वांत कसबाचे आणि सर्वांत चांगल्या पगाराचे, नेमके तेच आपल्याला बंद.

कारण काय? कारण एका लाकडी वस्तूत होते. साचा म्हणजे कापड विणायचा माग. उभे धागे त्यावर ताणलेले असतात. आडवा धागा धोटा नेतो. धोटा म्हणजे लाकडाची छोटी होडी, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या. तिच्या पोटात सुताची कांडी बसवलेली असते. काही मिनिटांनी कांडी संपते. मग साचा थांबवायचा, नवी कांडी घालायची आणि धाग्याचे टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचे. सुईत दोरा ओवावा तसे बोटांनी करत बसले तर वेळ जातो आणि वेळ गेला की पगार बुडतो, कारण पगार विणलेल्या कापडावर. म्हणून साचेवाला भोकाला ओठ लावून विडीचा झुरका मारावा तशी हवा आत ओढी आणि धागा सर्रकन तोंडात येई. दिवसातून शेकडो वेळा हेच. तोच धोटा एका हातातून दुसऱ्या हातात जाई, एका पाळीतून दुसऱ्या पाळीत जाई.

अस्पृश्याचे ओठ लागलेला धोटा आपल्या ओठांना लागणार, आपण बाटणार, असे सवर्ण साचेवाल्यांचे म्हणणे होते. एका चाळीखाली राहणारे, एकाच भोंग्याला उठणारे, एकाच जॉबरच्या शिव्या खाणारे हे कामगार. संपात खांद्याला खांदा, पण थुंकीपाशी आले की जात आठवली.

१९२८ चा संप आपल्या इतिहासात महत्त्वाचा आहे तो यासाठी. एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिने तो चालला आणि सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. मालकांनी एका कामगाराला जास्त साचे, जास्त चात्या सांभाळायला लावण्याचा घाट घातला होता. कामगार पुढाऱ्यांनी मागण्यांची लांब यादी केली. त्यात अस्पृश्यांसाठी साचेखाते उघडण्याची मागणी नव्हती. बाबासाहेबांनी ना. म. जोशी आणि संप समितीच्या इतर मंडळींना स्पष्ट सांगितले की सर्व खात्यांत काम करण्याचा आमच्या लोकांचा हक्क मान्य करा, नाहीतर या संपात पडू नका असे मी त्यांना सांगेन. समितीने मोठ्या नाखुशीने ही मागणी घातली. ती मालकांपुढे गेली तेव्हा मालक म्हणाले, हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही. बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढच्या साक्षीत हा सगळा प्रकार सांगितला आणि मालकांचे ते म्हणणे रास्त होते, हेही मान्य केले.

बाबासाहेबांच्या या प्रामाणिकपणापुढे आम्ही नतमस्तक आहोत. तरीही इतक्या वर्षांनी मागे पाहताना आम्हाला वाटते की मालक इतक्या सहजासहजी सुटायला नकोत. कारण ओठ लावावे लागणार नाहीत असा धोटा त्या काळी जगात होता.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ड्रेपर कंपनीने १८९५ च्या सुमारास नॉर्थ्रप नावाचा स्वयंचलित माग बाजारात आणला. त्यात संपलेली कांडी यंत्रच बदलते आणि धागा आपोआप ओवला जातो. याच राज्याने १९११ साली तोंडाने धागा ओढण्याचा धोटा कायद्यानेच बंद केला. तिथे कारण विटाळाचे नव्हते, क्षयाचे होते. एकाच धोट्यावरून रोग पसरतो आणि धाग्याबरोबर कापसाची धूळ छातीत जाते, हे तिथल्या लोकांना कळले होते. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या गिरण्यांत ही बंदी यायला १९५२ साल उजाडले. आणि मुंबईच्या गिरण्या यंत्रांसाठी तोंड करून बसल्या होत्या ते लँकेशायरकडेच. जो साचा घेतला तो वर्षानुवर्षे तसाच राबवला. स्वस्त माणूस मिळत असताना महाग यंत्र कोण घेतो? एका सुधारित धोट्याने मुंबईत क्षयही कमी झाला असता आणि साचेखात्याच्या दारावरचे विटाळाचे कुलूपही निघाले असते. निदान ते निमित्त तरी उरले नसते.

यंत्र बिघडते कोणामुळे

याच काळातली जपानची गोष्ट सांगण्यासारखी आहे. साकिची तोयोदा हा एका गरीब सुताराचा मुलगा. आई हातमागावर राबताना पाहून तो मागाच्या मागे लागला असे सांगतात. १९२४ साली त्याने असा स्वयंचलित माग तयार केला की जो न थांबता धोटा बदलत असे आणि एक धागा जरी तुटला तरी आपणहून थांबत असे. थांबणे महत्त्वाचे. यंत्र थांबले नाही तर खराब कापड विणले जाते. थांबले तर दोष लगेच सापडतो, आणि एका माणसाला तीस-तीस मागांकडे लक्ष देता येते. १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने, म्हणजे ज्यांच्याकडून जग यंत्रे घेत होते त्यांनीच, या मागाचे हक्क एक लाख पौंडांना विकत घेतले. पुढे मोटारी बनवणारी टोयोटा कंपनी याच घराण्यातून निघाली.

तेव्हा जपानी कापड मुंबईच्या कापडाला बाजारात मागे टाकत होते. आपल्या मालकांची ओरड होती की जपानी कामगार स्वस्त आहे, सरकारने आम्हाला संरक्षण द्यावे. १९३० साली सरकारने परदेशी कापडावर संरक्षक जकात बसवली. त्याआधी इंग्रजांनी इथल्या कापडावर १८९६ पासून साडेतीन टक्के अबकारी लादली होती, तीही १९२६ साली गेली होती. म्हणजे धोरणाने मालकांना श्वास घ्यायला जागा दिली. त्या जागेत यंत्रे बदलता आली असती. काहींनी बदलली. बहुतेकांनी नफा वाटून घेतला आणि साचे तेच ठेवले.

यंत्र विश्वासाचे असणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरात गिरणी कामगार होता त्याला सांगावे लागत नाही. आमचे वडीलही त्याच रिंग खात्यात होते. ते सांगत, धागा तीन कारणांनी तुटतो. कापूस हलका मिसळला तर तुटतो, खात्यातली हवा कोरडी झाली तर तुटतो आणि चातीची, रिंगची देखभाल नसेल तर तुटतो. तिन्ही गोष्टी मालकाच्या हातात. तुटलेला धागा सांधायचा मात्र कामगाराने आणि उत्पादन कमी झाले म्हणून बोलणी खायची तीही कामगाराने. साचेखात्यात तर याहून वाईट रिवाज होता. कापड बिघडले की ते साचेवाल्याच्याच गळ्यात मारत आणि त्याची किंमत पगारातून कापत. वडिलांच्या खात्यात एका फ्रेमचा पट्टा सारखा घसरे. नवा पट्टा मागितला की स्टोअरमधून उत्तर येई, मागवला आहे. हे उत्तर त्यांनी दोन वर्षे ऐकले. जॉबरने जुन्या पट्ट्याला राळ लावून लावून काम चालवले. त्या फ्रेमवर ज्या बदली कामगाराला उभे करत, त्याचे उत्पादन कमी भरे आणि त्याची बदली लांबणीवर पडे. ती फ्रेम बहुतेक वेळा कोणाच्या वाट्याला येत असेल, हे आम्ही वाचकांवर सोडतो.

आपल्या आया-बहिणींचेही इथे सांगितले पाहिजे. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत साधारण एक बाई असे. रीळिंग आणि वायंडिंग या खात्यांत त्या बसत. संप चालू होता त्याच १९२८ च्या जुलैमध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती रजेचे विधेयक आले. बाबासाहेबांनी त्याला जोरदार पाठिंबा दिला आणि हा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, पण मालकही या जबाबदारीतून सुटत नाही, असे म्हणाले. १९२९ साली कायदा झाला. पुढे वायंडिंगची वेगवान यंत्रे आली. त्या यंत्रांवर बायकांना शिकवून बसवता आले असते. त्यांना घरी बसवले. सत्तरच्या दशकापर्यंत गिरणीत बाई दिसणे दुर्मीळ झाले होते. यंत्र आले की कोणाला शिकवायचे आणि कोणाला काढायचे, हे यंत्र ठरवत नाही.

बाबासाहेब यंत्राच्या विरुद्ध कधीच नव्हते. १९१८ साली शेतजमिनीच्या तुकड्यांवर लिहिलेल्या निबंधात त्यांनी दाखवून दिले होते की शेतीवर माणसांचा भार फार झाला आहे आणि खरा उपाय देशाच्या औद्योगिकीकरणात आहे. यंत्राला दोष देणाऱ्यांना त्यांनी १९४५ साली उत्तर दिले. दोष यंत्राचा नसून ज्या समाजरचनेत ते वापरले जाते तिचा आहे आणि यंत्राशिवाय गरिबाला फुरसत व संस्कृती मिळणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. रोजगार विनिमय केंद्रे त्या काळातली. वीज आणि पाणी यांची देशव्यापी आखणी त्यांच्याच खात्यात सुरू झाली, कारण वीज स्वस्त आणि खात्रीची नसेल तर कारखाना उभा राहत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आठवड्याचे ५४ तास ४८ वर आणणारे कारखाना दुरुस्ती विधेयक त्यांनीच १९४६ साली मांडले. आपल्या घरांत संविधान हातात घेतलेला फोटो असतो. मजूरमंत्र्याचा फोटो क्वचित दिसतो.

जमीन विकून यंत्र घेऊ

स्वातंत्र्यानंतर काय झाले ते थोडक्यात सांगतो, कारण त्यातले पुष्कळ वाचकांनी स्वतः भोगले आहे. १९५६ साली सरकारने हातमागाला वाचवण्यासाठी गिरण्यांना नवे साचे वाढवायला मनाई केली. हेतू चांगला होता. पण हातमागापेक्षा फायदा झाला यंत्रमागाचा. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत छोट्या शेडमध्ये गिरण्यांनी मोडीत काढलेले साचे जाऊन बसले. तिथे कर कमी, युनियन नाही, पाळी बारा तासांची. आज देशातले निम्म्याहून अधिक कापड यंत्रमागावर विणले जाते. दुसरा परिणाम कमी बोलला जातो. सूतकताईची यंत्रे देशात चांगली बनू लागली. कोइम्बतूरच्या लक्ष्मी मशीन वर्क्सने १९६२ पासून ते काम केले. मागाच्या बाबतीत तसे घडले नाही. गिरण्या नवा माग घेऊच शकत नसतील, तर तो बनवणारा कोणासाठी बनवणार? आजही नव्या जातीचे माग मुख्यतः जपान, बेल्जियम, चीनकडून येतात.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख कामगार संपावर गेले. मालकांनी आपले कापड भिवंडीत विणून घेतले आणि संप मिटल्याचे कोणी कधी जाहीरही केले नाही. आमचे वडील त्या संपात घरी बसले ते कायमचे. १९८३ साली सरकारने मुंबईतल्या तेरा गिरण्या ताब्यात घेतल्या. १९९१ साली विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम आला. त्यानुसार गिरण्यांना जमीन विकता येणार होती. एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, उरलेली मालकाला. मालकाच्या पैशातून आजारी गिरणी सुधारायची, नवी यंत्रे घ्यायची, अशी ती कल्पना होती. २००१ साली नियम असा बदलला की वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. यंत्रासाठी म्हणून जमीन विकायची परवानगी मिळाली. जमीन विकली गेली. तिथे मॉल आणि टॉवर उभे आहेत.

सरकारी गिरण्यांचीही तीच कथा, फक्त शेवट वेगळा. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने २००५ साली मुंबईतल्या काही गिरण्यांच्या जमिनी लिलावात काढल्या. दादरची कोहिनूर मिल नंबर तीन ४२१ कोटींना गेली. त्या पैशातून उरलेल्या गिरण्या नव्या करायच्या होत्या, आणि इथे खरोखरच काही नव्या झाल्या. अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूरला फिनले मिल आधुनिक यंत्रांसह उभी राहिली. आपल्या समाजातली मुलेही तिथे लागली. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन आला आणि महामंडळाच्या तेवीसही गिरण्या थांबल्या. त्यात मुंबईची टाटा आणि पोदार, सोलापूर जिल्ह्यातली बार्शी आणि अचलपूरची फिनले. लॉकडाऊन उठला, देशातले कारखाने चालू झाले, या गिरण्या चालू झाल्या नाहीत. कामगारांना अर्ध्या पगारावर ठेवले. इथे यंत्रे जुनी म्हणून तोटा, असे म्हणायला जागा नव्हती. चांगल्या स्थितीतली यंत्रे उभी होती आणि चालवायचा निर्णय कोणी घेत नव्हते. यंत्र न फिरवता ठेवले की चातीला गंज चढतो, रबर कडक होते, इलेक्ट्रॉनिक कार्डे ओलाव्याने जातात. पाच वर्षे उभ्या राहिलेल्या रिंग फ्रेमला नवे कोण म्हणेल?

२०१४ साली 'मेक इन इंडिया' ची घोषणा झाली. देशाच्या उत्पन्नात कारखानदारीचा वाटा २५ टक्क्यांवर न्यायचा होता. तो त्याच्या जवळपासही गेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. पूर्वी शंभर कामगारांच्या कारखान्याला बंद करण्याआधी सरकारची परवानगी लागे. आता ती मर्यादा तीनशे आहे.

धोटा गेला, पण

मागच्या पावसाळ्यात आम्ही एका औद्योगिक वसाहतीत ओळखीच्या मुलाला भेटायला गेलो होतो. तिथल्या शेडमध्ये एअरजेट माग आहेत. जुना साचा मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा आडवा धागा टाकी. हा हवेच्या झोतावर सहाशेच्या वर टाकतो. त्यात धोटा नाही, कांडी नाही. धागा थेट मोठ्या कोनवरून येतो. धागा तुटला की माग थांबतो, दिवा लागतो आणि पडद्यावर आकडा उमटतो. तोयोदाने शंभर वर्षांपूर्वी जे केले त्याचेच हे पुढचे रूप. ओठ लावायचा प्रश्नच संपला. आम्हाला आजोबा आठवले.

मुलगा तिथे तीन वर्षे आहे, ठेकेदाराकडून. बारावीनंतर शिक्षण सुटले. त्याचे काम म्हणजे मागाखालचा तंतूंचा कचरा झाडणे, कोन आणून ठेवणे आणि तयार कापडाचा रोल ढकलत नेणे. पडद्याला हात लावायचा नाही, ते काम टेक्निशियनचे. टेक्निशियन कंपनीचे कायम नोकर. तेथल्या सुपरवायझरला आम्ही सहज विचारले, या पोरांना थोडे शिकवत का नाही? ते सज्जन होते, चहा पाजला, आणि म्हणाले, "साहेब, ठेक्याची पोरं टिकत नाहीत." मुलगा तिथेच उभा होता. तीन वर्षे टिकलेला.

बाहेर आल्यावर त्याने खिशातून एक छोटी वही काढली. पडद्यावर जो आकडा येई तो आणि त्यानंतर टेक्निशियनने काय केले ते, असे त्याने ओळीने लिहून ठेवले होते. चार पाने भरली होती. कुठल्या आकड्याला हवेचा दाब पाहायचा, कुठल्याला धाग्याची चाचपणी करणारा सेन्सर पुसायचा, हे त्याला कळू लागले होते. "काका, हे कुठं शिकवतात?" असे त्याने विचारले.

आम्ही त्याला जे सांगितले तेच इथे लिहितो, कारण घरोघरी असा एखादा मुलगा किंवा मुलगी आहे. आयटीआयला वयाची वरची मर्यादा नाही, चौदा वर्षे पूर्ण असली की झाले. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हे दोन वर्षांचे ट्रेड आहेत आणि दहावी पास चालतो. मुलींनी हे ट्रेड घ्यायचे नाहीत असे कुठेही लिहिलेले नाही. महाराष्ट्रात प्रवेशाचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो आणि दहावीच्या निकालानंतर त्याची मुदत फार दिवस नसते, म्हणून जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिल्याने हक्क जातो ही भीती अजूनही काही घरांत आहे. १९९० साली केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती लागू केल्या, ती भीती तेव्हाच संपायला हवी होती.

आणखी एक गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. खासगी नोकरीत आपल्याला राखीव जागा नाहीत, हे खरे. पण १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात १९७३ साली दुरुस्ती झाली आणि शिकाऊ उमेदवारांच्या जागांत अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा ठेवणे मालकावर बंधनकारक झाले. हे खासगी कारखान्यालाही लागू आहे. म्हणजे यंत्रापाशी उभे राहून शिकण्याचा हक्क कायद्यात आहे. आपल्या वसाहतीतल्या कारखान्यात किती शिकाऊ जागा आहेत आणि त्यांतल्या किती आपल्या मुलांना दिल्या, हे युनियनने, विहाराच्या समितीने, कोणीही लेखी विचारावे. १९२८ साली संप समितीच्या यादीत एक ओळ घालून घ्यायला बाबासाहेबांना उभे राहावे लागले होते.

त्या मुलाने अर्ज भरला. रातपाळी करून आयटीआय जमेल का, ही त्याच्या आईची काळजी आहे, आणि ती खरी आहे. पगार थांबला तर घरभाडे कोण भरणार? आम्ही दोन-तीन ठिकाणी बोललो आहोत. वही मात्र त्याने अजून लिहायची सोडलेली नाही. परवा फोनवर सांगत होता, सहावे पान सुरू झाले.